विहिरीवरचा पंप 'खडे' का वाजवतो? हाच आवाज पाण्याखाली कामाचाही

देवळी : उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली, की काठावरचा पंप आत खडे शिरल्यासारखा खडखडतो. अनेकदा आत खडा नसतोच. आवाज असतो बुडबुड्यांचा.

नेमके काय घडते?
पाणी खोलून ओढताना पंपाच्या तोंडाशी दाब घटतो. तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ४ टक्क्यांवर आला, की ३० अंशांचे पाणीही उकळते. वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबात जाताच आतल्या आत कोसळतात. त्या ठोक्यांनी इंपेलरला खड्डे पडतात. यालाच 'कॅव्हिटेशन' म्हणतात. अशा कोसळण्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले.

मग उपयोग कसा?
हाच आवाज मुद्दाम काढता येतो. नोझलमागे ठरावीक लांबीची नळी ठेवतात. झोतातील भोवऱ्यांची आणि नळीची लय जुळली, की बासरीसारखा अनुनाद होतो. झोत सुट्या भोवऱ्यांच्या कड्यांत तुटतो, त्यांतील बुडबुडे एका तालात कोसळतात आणि पाण्याखाली जोरदार ध्वनी उमटतो. नोझलमध्ये हलणारा एकही भाग लागत नाही. अशा झोतांचा अभ्यास खोदकाम आणि सफाईसाठीही झाला आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?
पंप पाण्याच्या जवळ, शक्यतो ६ मीटरच्या आत आणावा. फूटव्हॉल्व्हची जाळी साफ ठेवावी. सक्शनचा पाइप अरुंद नसावा. खडखडाट ऐकूनही पंप चालू ठेवला, तर भुर्दंड इंपेलरचा.