लोखंडाचें स्मरण व विस्मरण

रस्त्याच्या कडेला विजेच्या दोन खांबांमध्यें उंचावर बसविलेली करडी लोखंडी पेटी आपण नेहमीं पाहतां. तिला ट्रान्सफॉर्मर किंवा रोहित्र असें म्हणतात. सायंकाळीं रहदारी ओसरली म्हणजे थोडें दूर उभे राहून कान द्या. आंतून एकसारखा गुणगुणण्याचा आवाज येत असतो. आतां दुसरी एक वस्तु घ्या. पुष्कळ घरांतून जुन्या कॅसेटी अजून कपाटांत जपून ठेविलेल्या आहेत. कोणाच्या आजीनें म्हटलेलीं गीतें त्यांत आहेत, तर कोणाच्या लग्नांत झालेला उपदेश. बोलणारें माणूस देवाघरीं गेलें, तरी त्याचा आवाज त्या तपकिरी फितींत राहिला आहे.

ती गुणगुणणारी पेटी व ही मुकी फीत यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, असें प्रथमदर्शनीं कोणासही वाटणार नाहीं. परंतु दोहोंचें कार्य लोहचुंबकत्वाच्या एकाच गुणाशीं निगडित आहे. फितींत तो गुण पुष्कळ असावा लागतो. पेटींत तो जितका कमी तितका बरा. तो गुण कोणता, हें सांगण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

प्रथम एक प्रयोग करून पाहा. शिवणाची एक पोलादी सुई घ्या व एक लोखंडी खिळा घ्या. घरच्या वडील माणसांकडून तो खिळा विस्तवांत लाल करवून घ्या व राखेंतच सावकाश निवूं द्या, म्हणजे त्याचें लोखंड मऊ होतें. मग लोहचुंबकाचें एक टोंक सुईवरून व खिळ्यावरून एकाच दिशेनें पंधरा-वीस वेळां फिरवा. चुंबक जवळ धरला असतां सुई व खिळा हीं दोन्हीं लोखंडाचा कीस उचलतात. चुंबक दूर नेला कीं खिळ्यावरील बहुतेक कीस गळून पडतो. सुईला मात्र तो चिकटून राहतो. सुईला चुंबकाची आठवण राहिली, खिळा ती विसरला. आतां तीच सुई चिमट्यांत धरून लाल होईपर्यंत तापविली, तर निवल्यावर तीही सर्व कांहीं विसरलेली आढळेल.

असें कां व्हावें? फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर वाइस यांनीं १९०७ सालीं याचें मर्म सांगितलें. लोखंडाचा प्रत्येक तुकडा अनेक सूक्ष्म विभागांचा बनलेला असतो व प्रत्येक विभाग हा मुळांतच एक लहानसा चुंबक असतो. साध्या लोखंडांत कोणाचें तोंड पूर्वेस, कोणाचें पश्चिमेस, अशी स्थिति असल्यामुळें एकाचा जोर दुसरा खाऊन टाकतो. बाहेरून चुंबक आणला म्हणजे त्याच्या दिशेला अनुकूल असे विभाग वाढतात, प्रतिकूल विभाग आकसतात, आणि सर्व तुकडा चुंबक बनतो. मऊ लोखंडांत या विभागांच्या सीमा सहज सरकतात व सहज मागें येतात. पोलादांत कार्बनादि पदार्थांचे कण वाटेंत अडथळे होऊन बसतात; त्यामुळें एकदां सरकलेली सीमा मागें येण्यास धजत नाहीं. हेंच पोलादाचें स्मरण होय.

या गुणाला शास्त्रीय नांव मिळालें तें जपानांत. जेम्स आल्फ्रेड यूइंग हे स्कॉटलंडांतील डंडी शहरच्या एका धर्मोपदेशकाचे पुत्र. वयाच्या तेविसाव्या वर्षीं, म्हणजे १८७८ सालीं, ते टोकियोच्या विद्यापीठांत शिकविण्यास गेले. तेथें लोखंडाभोंवतीं तारेचें वेटोळें गुंडाळून ते विजेचा प्रवाह वाढवीत, कमी करीत आणि लोखंडाचें चुंबकत्व मोजीत. त्यांस असें दिसून आलें कीं, प्रवाह वाढतांना चुंबकत्व ज्या वाटेनें वर चढतें त्याच वाटेनें तें खालीं उतरत नाहीं. तें मागें रेंगाळतें. प्रवाह अगदीं बंद केला तरी कांहीं चुंबकत्व शिल्लक राहतेंच, व तें पुसून टाकण्यास उलट दिशेनें प्रवाह सोडावा लागतो. मागें राहणें या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १८८१-८२ च्या सुमारास त्यांनीं या गुणाला ‘हिस्टेरेसिस’ हें नांव दिलें. वरची व खालची वाट कागदावर काढली असतां एक बंद वळसा तयार होतो. त्या वळशाच्या आंत जेवढें क्षेत्र, तेवढी शक्ति प्रत्येक फेऱ्यास उष्णता होऊन वायां जाते. जर्मनींत एमिल वारबुर्ग हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणें याच निष्कर्षाला पोंचले होते. पोलादाचा वळसा रुंद, मऊ लोखंडाचा चिंचोळा. आमच्या सर्व विषयाची किल्ली या एका आकृतींत आहे.

आतां त्या गुणगुणणाऱ्या पेटीकडे वळूं. मायकेल फॅरडे, जो एका लोहाराचा मुलगा व पुस्तकें बांधणाऱ्याकडील उमेदवार होता, त्यानें १८३१ सालीं लोखंडाच्या एका कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एकांतील प्रवाह चालू किंवा बंद केला कीं दुसऱ्यांत क्षणभर प्रवाह उत्पन्न होई. आजचें प्रत्येक रोहित्र त्याच कड्याचें वंशज आहे. आपल्या देशांत विजेचा प्रवाह सेकंदास ५० वेळां संपूर्ण फेरा करितो. म्हणजे रोहित्रांतील लोखंडाच्या चुंबकत्वाला एका दिवसांत ४३,२०,००० वेळां उत्तर-दक्षिण असा संपूर्ण फेरा करावा लागतो. घरोघरीं दिवे लागलेले असोत वा सर्व गांव निजलेलें असो, हें कार्य थांबत नाहीं. त्या लोखंडाला जर सुईसारखें स्मरण असतें, तर प्रत्येक वेळीं जुनी आठवण पुसण्यांतच पुष्कळ वीज जळून गेली असती. गुणगुण ऐकूं येते तीही या उलटापालटीमुळेंच. चुंबकत्व बदलतांना लोखंड अत्यंत सूक्ष्म प्रमाणांत लांब-आखूड होतें, हें जूल यांनीं १८४२ सालीं दाखविलें. एका फेऱ्यांत असें दोनदां होत असल्यामुळें पेटी सेकंदास १०० वेळां थरथरते.

प्रारंभींच्या रोहित्रांचें लोखंड वापरतां वापरतां बिघडे व त्यांतील शक्तीचा अपव्यय वाढत जाई. यावर उपाय शेफील्डचे रॉबर्ट हॅडफील्ड व त्यांचे सहकारी बॅरेट आणि ब्राउन यांच्या संशोधनांतून निघाला. लोखंडांत शेंकडा सुमारें तीन भाग सिलिकॉन मिसळलें असतां त्याचा वळसा चिंचोळा होतो, आणि लोखंडांत विनाकारण फिरणारे भोंवऱ्यासारखे प्रवाहही कमी होतात, असें १९०० सालच्या सुमारास प्रसिद्ध झालें. या पोलादाचे पातळ पत्रे परस्परांपासून विजेच्या दृष्टीनें अलग ठेवून एकावर एक रचितात. पुढें अमेरिकेंत नॉर्मन गॉस यांनीं पत्र्यांतील सर्व स्फटिक एकाच दिशेला वळविण्याची रीति शोधिली. तिचें पेटंट १९३४ चें आहे. अलीकडे तर वितळलेला लोहमिश्र रस वेगानें फिरणाऱ्या थंड चाकावर ओतून त्याची केसाहूनही पातळ फीत करितात. रस इतक्या झपाट्यानें गोठतो कीं त्यास स्फटिक बनण्यास अवधिच मिळत नाहीं. तो कांचेसारखा राहतो. स्फटिकांचे बांध नसल्यानें सीमा विनासायास सरकतात, आणि लोखंडांतील अपव्यय सिलिकॉनच्या पत्र्यांच्या मानानें सुमारें तिसऱ्या हिश्शावर येतो.

मोबाइल फोनच्या चार्जरमध्येंही लहानसें रोहित्र असतें. परंतु तें सेकंदास लाखाच्या आसपास फेरे करितें, म्हणूनच तें इतकें लहान करतां येतें. एवढ्या वेगांत लोखंडाचे पत्रे तापून निरुपयोगी होतील. तेथें फेराइट नांवाचा, भाजलेल्या मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ काळा पदार्थ उपयोगी पडतो, कारण त्यांतून वीज सहसा वाहत नाहीं. टोकियोंतील योगोरो काटो व ताकेशी ताकेइ यांनीं १९३० सालीं याचा पाया घातला. आतां विजेचे नवे स्विच याहूनही वेगानें चालूं लागले आहेत. त्या वेगांतही थंड राहील असा चुंबकी पदार्थ मिळविणें हा आजच्या संशोधकांपुढील मोठा प्रश्न आहे.

येथवर विस्मरणाची कथा झाली. स्मरणाची कथा डेन्मार्कमध्यें सुरू होते. वाल्डेमार पोल्सेन यांनीं १८९८ सालीं पोलादी तारेवर आवाज सांठविण्याचें यंत्र केलें. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योझेफ त्या यंत्रापुढें बोलले. तो आवाज अद्यापि ऐकतां येतो. जर्मनींत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनीं १९२८ सालीं तारेऐवजीं कागदाच्या फितीवर चुंबकी भुकटी बसविली, आणि आपल्या घरच्या कॅसेटीचा मार्ग मोकळा झाला. १९५६ सालीं अमेरिकेंत आयबीएम कंपनीनें फितीऐवजीं फिरत्या तबकड्या योजिल्या. त्या यंत्रांत दोन दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या खटाटोपांत सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहातावर मावणाऱ्या पेटींत त्याच्या लक्षावधिपट मजकूर राहतो. तत्त्व मात्र तेंच आहे: चुंबकाचें तोंड एका बाजूला म्हणजे एक, दुसऱ्या बाजूला म्हणजे शून्य, आणि या दोन खुणांनीं सर्व अक्षरें, चित्रें व आवाज लिहावयाचे.

या प्रगतींत यूइंग यांच्या शिकवणीचा वांटा किती दूरवर पोंचला, तें पाहण्यासारखें आहे. टोकियोंत त्यांच्या जागीं कारगिल नॉट आले. नॉट यांच्या हाताखालीं हान्तारो नागाओका चुंबकत्व शिकले, व नागाओकांच्या हाताखालीं कोतारो होंडा. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१७ सालीं, होंडा यांनीं सेंदाइ येथें कोबाल्ट घातलेलें असें पोलाद केलें कीं, तोंवरच्या कोणत्याही पोलादाहून त्याचें स्मरण बळकट ठरलें. त्याच सेंदाइच्या विद्यापीठांत शुनइचि इवासाकी यांनीं १९७७ सालीं असें सुचविलें कीं, तबकडीवरील चुंबक आडवे न निजवितां उभे करावे, म्हणजे ते अधिक दाटीनें राहतील. बाजारांत तशी तबकडी येण्यास २००५ साल उजाडलें. अठ्ठावीस वर्षें त्यांनीं धीर सोडला नाहीं. मासातो सागावा हेही तेथीलच विद्यार्थी. त्यांनीं १९८२ सालीं निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचा चुंबक केला. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारगाड्यांत आज तोच फिरतो. रोहित्राचें पोलाद ज्या जोरानें आपलें चुंबकत्व टाकून देतें, त्याच्या सुमारें लाखपट जोर या चुंबकाला विसर पाडण्यास लागतो.

संगणकाची तबकडीची पेटी उघडून पाहिली, तर हे दोन्ही स्वभाव एकत्र नांदतांना दिसतील. तबकडीवरचा थर स्मरण ठेवणारा. त्यावर लिहिणाऱ्या टोंकाचें लोखंड क्षणांत विसरणारें. लिहिणाऱ्या टोंकानें पूर्वीचें अक्षर मनांत धरिलें, तर पुढचें अक्षर शुद्ध उमटणार नाहीं. आणि तबकडी विसरली, तर लिहिण्याचा कांहीं उपयोगच नाहीं.

तथापि स्मरणालाही मर्यादा आहे. थरांतील कण आतां इतके बारीक झाले आहेत कीं, डोक्याच्या केसाच्या जाडींत त्यांची सुमारें दहा हजारांची रांग बसेल. कण याहूनही बारीक केला, तर खोलींतील साधी उष्णताच त्याचें तोंड फिरवूं शकते. पोलादी सुईला जें विस्तवांत झालें तें याला सावलींत होतें. म्हणून लोखंड व प्लॅटिनम यांचे अतिशय हट्टी कण घेतात. ते इतके हट्टी कीं लिहिणाऱ्या टोंकाला ते दाद देत नाहींत. मग लेसरच्या किरणानें तेवढाच सूक्ष्म ठिपका ४०० अंशांहून अधिक तापवून, तो नरम असतांना लिहून घेतात. तो लगेच निवतो व लिहिलेलें पक्कें होतें.

यावरून पालकांस एक व्यवहाराची सूचना करावीशी वाटते. घरच्या जुन्या फिती अमर नाहींत. उष्णता, दमट हवा व जवळ ठेविलेला ध्वनिक्षेपकाचा चुंबक हे त्यांचे शत्रु आहेत. शिवाय फितीवरील भुकटी धरून ठेवणारा लेपही कालांतरानें सुटतो. ज्या आवाजांचें मोल आपणांस वाटतें, त्यांची नवी प्रत फीत वाजण्याजोगी आहे तोंवरच करून ठेवावी. पोलाद आपल्याकडून होईल तेवढें स्मरण ठेवतें. पुढचें काम आपलें आहे.

मुलांनो, लोखंडानें काय लक्षांत ठेवावें व काय विसरावें, हें लोखंड स्वतः ठरवीत नाहीं. त्यांत काय मिसळलें, त्यास किती तापविलें व कसें निवविलें, यावर तें ठरतें. या अर्थानें घर व शाळा यांस भट्टीच म्हटलें पाहिजे. परंतु मनुष्यास देवानें निवडीचीही मोकळीक दिली आहे. कोणी केलेला उपकार पोलादासारखा धरून ठेवावा व झालेला अपकार मऊ लोखंडासारखा सोडून द्यावा, हें आपल्या हातीं आहे. मनांत धरलेला राग प्रत्येक फेऱ्यास थोडी थोडी शक्ति जाळीतच असतो. त्या खांबावरच्या पेटीखालून जातां-येतां एवढें आठवलें, तरी हा लेख लिहिल्याचें आम्हांस समाधान वाटेल.