पेशींची झाडलोट कशी ओळखावी?

हल्लीं ‘उपवासानें पेशी शुद्ध होतात, असें नोबेल पारितोषिकानेंच सिद्ध झालें आहे,’ हें विधान सुशिक्षित घरांतूनही मोठ्या विश्वासानें केलें जातें. त्यांतील तथ्य पारखावयाचें, तर ही शुद्धि प्रयोगशाळेंत ओळखतात कशी, हें वाचकांनीं आधीं समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

पेशी आपलेच जीर्ण भाग दुहेरी आवरणाच्या पिशवींत कोंडते. ती पिशवी लायसोसोम नांवाच्या पाचक कोशास मिळते व आंतील द्रव्य विरघळून पुन्हां उपयोगी पडतें. या क्रियेस बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दुव यांनीं १९६३ सालीं ‘ऑटोफेजी’, म्हणजे स्वभक्षण, हें नांव दिलें. जपानचे योशिनोरी ओसुमी यांस २०१६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें मुख्यतः यीस्टवरील संशोधनाबद्दल.

सस्तन प्राण्यांच्या पेशींत ह्या पिशव्या प्रथम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं दिसल्या. पुढें २००० सालीं ‘एलसी३’ हें प्रथिन पिशवीच्या आवरणास चिकटतें, असें आढळलें. त्यास हिरवें चमकणारें दुसरें प्रथिन जोडलें, कीं पिशव्या ठिपक्यांसारख्या दिसतात व मोजतां येतात.

परंतु ठिपके वाढले म्हणजे काम वाढलें काय? मोरींत खरकट्या भांड्यांचा ढीग दिसला, तर पंगत मोठी झाली असेल, किंवा भांडीं घासणारी बाई आली नसेल! म्हणून शास्त्रज्ञ बॅफिलोमायसिन या द्रव्यानें लायसोसोमचें पचन मुद्दाम थांबवितात. त्यानें ढीग आणखी वाढला, तर प्रवाह चालू होता. न वाढला, तर काम आधींच तुंबलेलें होतें. दुसरी युक्ति हिरवें व तांबडें अशीं दोन प्रथिनें एलसी३ला जोडण्याची. लायसोसोमच्या आम्लांत हिरवा रंग मालवतो, तांबडा टिकतो. म्हणून दोन्ही रंग मिसळून पिवळा दिसणारा ठिपका म्हणजे पिशवी अद्याप वाटेंत आहे. नुसता तांबडा म्हणजे मुक्कामास पोंचली.

उंदरांस उपाशी ठेविलें असतां अनेक अवयवांत असे ठिपके वाढतात, हें २००४ सालीं दिसून आलें. मात्र एका एकादशीनें माणसाच्या यकृतांत किती झाडलोट झाली, हें सांगणारी तपासणी नेहमींच्या दवाखान्यांत होत नाहीं. श्रद्धेनें उपवास करणाऱ्यास शास्त्राच्या दाखल्याची गरज नाहीं. परंतु मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्या वडीलमंडळींनीं केवळ नोबेलच्या नांवावर विसंबून, डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून, जेवण सोडूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.