स्थानिक उद्यानातील निसर्गशिक्षण आणि कुटुंब : माहीम येथील महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर अनिवार्य असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना स्पष्ट केले. १८ डिसेंबर २००३ च्या आदेशाने त्याची अंमलबजावणी अधिक निकडीची झाली. त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावरील सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. पन्नास तासिकांच्या त्या अभ्यासक्रमातील आठवा घटक क्षेत्रकार्याचा होता. पाच तासिकांचा वेळ आणि शंभरांपैकी पंचवीस गुण त्यास देण्यात आले होते. परिसरातील नदी, टेकडी वा माळ यांची नोंद घेणे, एखाद्या प्रदूषित स्थळास भेट देणे, नेहमीच्या वनस्पती, कीटक व पक्षी यांचा परिचय करून घेणे, असे त्याचे स्वरूप होते. पुढे २०२३ मध्ये आयोगाने पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. मात्र क्षेत्रकार्याचा प्रश्न आराखडा बदलल्याने सुटत नाही.

हा घटक अनेक ठिकाणी कसा पार पडतो, हे प्राध्यापकवर्गास सांगण्याची आवश्यकता नाही. साठ-सत्तर विद्यार्थ्यांची एक सहल निघते, एका स्थळी छायाचित्रे घेतली जातात आणि नंतर एकमेकांसारखे दिसणारे अहवाल सादर होतात. ‘झाडे लावा’ असा फलक हाती धरलेले विद्यार्थी झाडाकडे पाठ करून उभे आहेत, असे छायाचित्र वार्षिक अंकात हमखास आढळते. यात दोष केवळ उत्साहाचा नाही, तर अध्ययनगटाच्या रचनेचाही आहे. स्थानिक उद्यानांतून कुटुंबांसाठी व मिश्र वयोगटांसाठी होणारे निसर्गशिक्षण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. प्रस्तुत लेखात मुंबईतील महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

कचऱ्यावर उभे राहिलेले वन

धारावीलगत, मिठी नदीच्या काठी सुमारे सदतीस एकरांवर हे उद्यान पसरलेले आहे. १९७०च्या दशकापर्यंत ही शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. विश्व प्रकृती निधीच्या भारतातील शाखेने तेथे निसर्गशिक्षणासाठी उद्यान उभारण्याची कल्पना पुढे आणली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती प्रत्यक्षात आणली. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर मातीचे थर देऊन झाडे लावण्यात आली. २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यानाचे उद्घाटन झाले. आज तेथे देशी व विदेशी वृक्षांचे दाट आच्छादन आहे. नदीच्या बाजूस तिवरांची रांग आहे, आणि फुलपाखरे व पक्षी यांचा वावर तर कोणासही सहज जाणवावा असा आहे.

‘उद्यान’ म्हटले की हिरवळ, कारंजे व कापून आकार दिलेली झुडपे डोळ्यांसमोर येतात. येथे तसे नाही. पाने पडतात तेथेच कुजू दिली जातात आणि वेली झाडांवर चढलेल्या असतात. प्रथमच येणाऱ्यास हे अस्वच्छ वाटते. स्वच्छता आणि निर्जीवता यांतील फरक दाखवण्यास यापेक्षा सोयीचा प्रारंभ क्वचितच मिळेल. पायाखालची माती कोठून आली आणि त्याखाली काय आहे, हा प्रश्न येथे प्रत्येक गटास विचारता येतो. या उद्यानाचे शैक्षणिक मूल्य पक्ष्यांच्या यादीत जेवढे आहे, त्याहून अधिक या प्रश्नात आहे.

कुटुंब हा अध्ययनगट

वर्ग ही समवयस्कांची रचना असते. अठरा वर्षांच्या साठ मुलांना एखाद्या जागेविषयीची स्मृती सारखीच तोकडी असते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. मत्स्यवैज्ञानिकांची प्रत्येक पिढी आपल्या कारकिर्दीच्या आरंभी जे पाहते त्यालाच मूळ स्थिती समजते. पुढचा ऱ्हास ती त्याच मापाने मोजते आणि त्याआधी झालेली हानी हिशेबातून निसटते. आधाररेषा अशी पिढीगणिक खाली सरकत राहते. हे निरीक्षण समुद्रातील माशांपुरते मर्यादित नाही. मिठीला आयुष्यभर काळ्या पाण्याचा प्रवाह म्हणूनच पाहिलेल्या विद्यार्थ्यास ती नदी होती, हे पाठ्यपुस्तकातील एक विधान वाटते.

कुटुंबात मात्र दोन-तीन आधाररेषा एकाच वेळी उपस्थित असतात. आजी, आई व नात एकाच तिवरासमोर उभ्या राहिल्या, तर त्या तीन निरनिराळ्या खाड्या पाहत असतात. धारावी ही मुळात कोळ्यांची वस्ती होती. धारावी कोळीवाडा आजही आहे. खाडीत मिळणारी निवटी, चिंबोरी, बोय यांविषयी तेथील वृद्ध जे सांगू शकतात, ते कोणत्याही माहितीफलकावर मावणारे नाही. आणि याच परिसरातील पन्नाशी-साठी ओलांडलेल्या व्यक्तीस उद्यानाच्या जागी असलेले कचऱ्याचे ढीग व दुर्गंधी आठवू शकते. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन विरुद्ध कथा आहेत. पलीकडे खाडी बिघडत गेली, अलीकडे उकिरड्याचे वन झाले. निसर्गाचा केवळ ऱ्हासच होतो, ही तरुणांमधील निराशा आणि सर्व काही आपोआप सुधारते, हा बेफिकिरांचा समज, दोन्हींना या जागेवर उत्तर मिळते. पण ते उत्तर देणारी व्यक्ती गटात असावी लागते. वर्गाच्या सहलीत ती बहुधा नसते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वृद्धांची स्मृती प्रमाण मानून चालत नाही. ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी आरंभ होणारे प्रत्येक वाक्य इतिहास नसते. म्हणून अशा कथनांची पडताळणी जुने नकाशे, छायाचित्रे व १९०९-१० मध्ये प्रसिद्ध झालेले मुंबई शहराचे गॅझेटिअर यांच्या आधारे करून घ्यावी. इतिहास, भूगोल व मराठी या विभागांना पर्यावरणाच्या अध्यापनात खरे स्थान मिळते ते येथे. एरवी हा विषय विज्ञान शाखेतील एखाद्या सहकाऱ्यावर सोपवून इतर विभाग मोकळे होतात.

सकाळचे दोन तास

अशा कार्यक्रमाची रचना साधी असावी. तीन-चार कुटुंबे, म्हणजे बारा ते पंधरा व्यक्ती, आणि एक मार्गदर्शक. सकाळचे दोन तास. चालण्याचे अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. लहान मुले व गुडघेदुखीचे वृद्ध यांच्यामुळे गट सावकाश चालतो, आणि निरीक्षणास ते पोषकच ठरते.

नावे सांगण्याची घाई हा मार्गदर्शकांचा सर्वांत मोठा दोष होय. ‘हा तांबट’ असे म्हटले की पाहणे संपते. त्याऐवजी फळलेल्या उंबराखाली वीस मिनिटे बसावे. वर कोण येते, कोण कोणास हुसकते, खाली काय पडते, हे पाहू द्यावे. मग एक पडलेले फळ उघडून दाखवावे. उंबराचे ‘फळ’ म्हणजे आत वळलेला फुलांचा गुच्छ होय आणि त्याचे परागीभवन एका सूक्ष्म वरटीवर अवलंबून असते. वरटी नाहीशी झाल्यास बीज धरणार नाही, आणि त्या झाडाने आपली पुढची पिढी गमावलेली असेल. ‘उंबराला फूल नसते’ अशी समजूत बाळगणाऱ्या आजोबांना आणि परागीभवनाची व्याख्या पाठ असलेल्या नातवाला हे एकाच क्षणी नवे असते. ज्येष्ठ आणि कनिष्ठ दोघेही अनभिज्ञ असल्याचा असा प्रसंग घरात सहसा येत नाही.

रेचल कार्सन यांनी ‘द सेन्स ऑफ वंडर’ या १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या लेखनात, मुलाच्या कुतूहलास किमान एका प्रौढाची सोबत लागते, असा विचार मांडला आहे. आपल्याकडे या सोबतीचा एक अडथळा म्हणजे भीती. सुरवंट दिसताच ‘हात लावू नको’ हे उद्गार प्रथम येतात. काही सुरवंटांच्या केसांनी खाज येते, हे खरेच आहे. परंतु कढीपत्त्यावरील गुळगुळीत हिरवा सुरवंट एका काळ्या फुलपाखराचे बालरूप आहे, आणि रुईच्या पानावरील पट्टेदार सुरवंटापासून नारिंगी रंगाचे ‘बिबळ्या कडवा’ हे फुलपाखरू होते, हे आईने स्वतः पाहिले की घरच्या कुंडीतील कढीपत्त्यावर औषध मारण्यापूर्वी ती विचार करील. कुटुंबासाठीच्या कार्यक्रमाचा लाभ उद्यानाच्या फाटकाबाहेर टिकतो तो अशा मार्गाने. विद्यार्थी एकटा येऊन गेला, तर घरातील कुंडीचा निर्णय बदलत नाही.

तिवरांजवळ चिखलातून वर आलेली श्वसनमुळे दाखवता येतात. पानावरील मिठाचे कण जिभेने चाखून पाहण्याचा प्रयोग पुस्तकांत सुचवलेला असतो. मिठीच्या काठी तो करू देऊ नये. पान बोटाने चोळून भागवावे. याच ठिकाणी २६ जुलै २००५ चा विषय निघतो. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठीने आपले विसरले गेलेले पात्र दाखवून दिले. विहार व पवई तलावांकडून माहीमच्या खाडीपर्यंत वाहणारी सुमारे अठरा किलोमीटरची ही नदी त्या दिवसापर्यंत अनेक मुंबईकरांच्या लेखी नालाच होती. पूरपात्रातील भराव, अरुंद झालेला प्रवाह आणि तिवरांची तोड यांचा परस्परसंबंध समजावताना आकडे लागतातच. तथापि त्या रात्री घरी न पोहोचलेल्या वडिलांनी स्वतः काही सांगितले, तर आकड्यांना अर्थ येतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न

उद्यानाच्या सर्वांत जवळचे शेजारी धारावीचे रहिवासी आहेत. निसर्गभ्रमंतीच्या शहरी कार्यक्रमांत मात्र दुर्बीण, इंग्रजी पुस्तिका व स्वतःचे वाहन असलेल्या वर्गाचेच प्राबल्य आढळते. ही विसंगती केवळ सामाजिक न्यायाच्या दृष्टीने खटकते असे नव्हे, तर त्यामुळे शिक्षणाचीही हानी होते. धारावीतील तेरा कंपाउंड परिसरात टाकाऊ वस्तूंच्या पुनर्वापराचा मोठा व्यवसाय चालतो. प्लास्टिकचे प्रकार हातांनी ओळखून वेगळे करणाऱ्या कामगारांचे ज्ञान या उद्यानाच्या पायाशी थेट जोडलेले आहे, कारण पायाखाली कचराच आहे. काय कुजते, काय कुजत नाही, कशाला किंमत येते, हे त्यांच्याइतके नेमके कोण सांगेल? अशा कुटुंबांना ‘जागृती करण्याचे लक्ष्य’ न मानता गटाचे मार्गदर्शक म्हणून बोलावणे अधिक उचित आहे. त्यासाठी मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांतून बोलण्याची सोय, नाममात्र वा माफ प्रवेशशुल्क आणि कामाच्या वेळा पाहून ठरवलेला दिवस, एवढी तयारी हवी. भाषेचा प्रश्न गौण नाही. एकाच झाडाला कोकणातून आलेली आजी एक नाव सांगते, तमिळ शेजारीण दुसरे आणि फलकावर तिसरेच असते. ही तिन्ही नावे नोंदवणे हाच एक चांगला प्रकल्प होऊ शकेल.

महाविद्यालयांसाठी

मुंबईबाहेरील वाचकांस हे उदाहरण दूरचे वाटू नये. पुण्याचे एम्प्रेस गार्डन, नागपूरचे महाराजबाग, कोल्हापूरचा रंकाळा परिसर अथवा तालुक्याच्या गावातील नगरपरिषदेची साधी बागही यास चालेल. अभयारण्याची गरज नाही. किंबहुना वर्षातून एकदा अभयारण्यात जाण्यापेक्षा गावातील एकच काटेसावर वर्षभरात चार वेळा पाहणे अधिक फलदायी आहे. पावसाळ्यात पानांनी भरलेली, हिवाळ्याच्या अखेरीस निष्पर्ण होऊन लाल फुलांनी डवरलेली, मैना, बुलबुल, शिंजीर व कावळे यांनी गजबजलेली आणि उन्हाळ्यात कापूस उधळणारी सावर पाहिली म्हणजे ऋतुचक्र हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. आरंभासाठी तो सोयीचा आहे. स्पर्धा मात्र टाळाव्यात. सर्वाधिक पक्षी कोणी पाहिले, असे विचारले की कोणीच नीट पाहत नाही.

विद्यार्थ्याने एकट्याने न जाता घरातील अथवा शेजारातील एका ज्येष्ठ व्यक्तीसह ठरावीक जागेस सत्रात किमान तीन वेळा भेट द्यावी, अशी अट क्षेत्रकार्यास घालता येईल. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या माळ्यास वा शिपायास सोबत घ्यावे. ही मंडळी परिसराला आपल्यापेक्षा अधिक वर्षे ओळखत असतात. अहवालात तीन गोष्टी अपेक्षित असाव्यात : विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले, ज्येष्ठाने सांगितलेले आणि या दोहोंत जेथे मेळ बसला नाही तेथे केलेली पडताळणी. पहिल्या दोन भागांची नक्कल होऊ शकते, तिसऱ्याची करणे कठीण जाते. म्हणून क्षेत्रकार्याच्या गुणांपैकी निम्म्याहून अधिक गुण तिसऱ्या भागास राखून ठेवावेत आणि तोंडी परीक्षेच्या वेळी, शक्य असेल तेथे, त्या ज्येष्ठ व्यक्तीसही बोलावावे.