कायदा, लोकमत आणि पळसाचे पान

कोणत्याही सुधारणेस कायद्याचा आधार लागतो. परंतु ती टिकते लोकमताच्या बळावर. एकदाच वापरून फेकून द्यावयाच्या वस्तूंच्या बाबतीत मुंबईस व महाराष्ट्रास जो अनुभव आला, तो या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. प्लास्टिकच्या पिशव्या गटारांत अडकल्याने पाण्याचा निचरा अधिकच खुंटला, आणि या पिशव्यांविरुद्ध लोकमत जागे झाले. पुढे शासनाने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे, पेले यांवर बंदी आणली. पहिल्या अपराधास पाच हजार रुपये दंड ठरला. १ जुलै २०२२ पासून तर प्लास्टिकचे पेले, चमचे, नळ्या अशा अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली.

मग या वस्तू बाजारातून नाहीशा का झाल्या नाहीत? कोणासही विचारा, प्लास्टिक वाईट, असेच उत्तर मिळेल. परंतु गिऱ्हाईक म्हणते, ‘दुकानदार देतो म्हणून आम्ही घेतो’; आणि भाजीवाला म्हणतो, ‘पिशवी न दिल्यास गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाते.’ दुधाच्या पिशव्यांना सवलत आणि हातगाडीवाल्यास दंड, हा न्याय कसा, असाही त्याचा प्रश्न असतो. आणि तो अगदीच गैरवाजवी नाही. जिभेवरचे मत हातातील कापडी पिशवीपर्यंत पोहोचत नाही, तोवर ते खरे लोकमत नव्हे, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न केवळ शहरांचा आहे, असे बेज्जूरकरांनी समजू नये. पावसाळ्यात ओढ्यात पडलेला कचरा प्राणहितेत व तेथून गोदावरीत जातो. आपल्या आदिलाबाद भागात (२०१६ पासून बेज्जूर कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे) पळस विपुल आहे. तेलुगू बांधव त्यास मोदुग म्हणतात. त्याच्या पानांच्या पत्रावळीवर आपले पूर्वज जेवत. तीही एकदाच वापरावयाची वस्तू. पण जेवणानंतर ती उकिरड्यावर कुजून खत होते. प्लास्टिकचे ताट मात्र पिढ्यान्‌पिढ्या कुजत नाही. तेव्हा दोष एकदा वापरण्यापेक्षा, वापरानंतर वस्तूचे काय होते, यात अधिक आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, बाजारास जाताना घडी केलेली पिशवी बरोबर न्यावी. हॉटेलातून खाद्यपदार्थ आणावयाचे झाल्यास घरचा डबा न्यावा. आणि घरच्या कार्यात पत्रावळी किंवा धातूची भांडी वापरण्याचा वडीलधाऱ्यांजवळ आग्रह धरावा. दंडाच्या भयाने सोडलेली वस्तू भय सरताच परत येते. समजून सोडलेली वस्तू सहसा परतत नाही.