डावरा नेमबाज, उजवी रायफल आणि आपलं सॅम्पल

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'सहभागी: फक्त उजव्या हाताचे' असं वाक्य आहे का? माझ्या होतं. माझं काम हात आणि डोळा यांच्या मेळावर आहे. अनेक पेपरमध्ये ही अट वाचली होती, म्हणून मीही लिहून टाकली. गाईड मॅडमनी विचारलं, "का?" मी म्हटलं, "सगळेच असं करतात." गंमत म्हणजे मी स्वतः डावरा आहे. माझ्याच प्रयोगात मला जागा नव्हती!

मॅडमच्या त्या 'का'चं उत्तर मला सापडलं ते एका वेगळ्याच उदाहरणात: डावऱ्या माणसाने सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालवणं.

आधी यंत्र समजून घेऊ

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपोआप भरली जाते. बहुतेक रचनांमध्ये गोळीमागच्या वायूचा थोडा भाग वापरून बोल्ट मागे ढकलला जातो. बोल्टवरचा आकडा रिकामी पुंगळी ओढून काढतो आणि ती बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकली जाते. मग स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि मॅगझिनमधलं नवं काडतूस आत जातं.

ही खिडकी बहुतेक वेळा उजव्या बाजूला असते. रायफल उजव्या खांद्याला लावली की चेहरा तिच्या डावीकडे येतो आणि गरम पुंगळी लांब उडते. डाव्या खांद्याला लावली की चेहरा नेमका खिडकीच्या बाजूला. पुंगळी डोळ्यांसमोरून जाते, कधी हातावर किंवा कॉलरमध्ये पडते. सोबत थोडा वायूही तोंडावर येतो. संरक्षक चष्मा सगळ्यांनाच हवा, पण डावऱ्याला तो जास्तच हवा.

'उजव्यांची रायफल' हे वर्णन पुरेसं आहे का?

नाही. एआर-15 बघा. तिचा सेफ्टी लिव्हर डावीकडे आहे, उजव्या अंगठ्यासाठी. मॅगझिन सोडायचं बटण उजवीकडे आहे, उजव्या तर्जनीसाठी. डावऱ्याची दोन्हीकडे अडचण. पण मागे अडकलेला बोल्ट सोडायची पट्टी डावीकडे आहे, आणि तिथे डावऱ्याची तर्जनी सहज पोचते.

एके-47 मध्ये तर उलटंच. बोल्ट ओढायचा दांडा उजवीकडे आहे. उजव्या माणसाला एक तर ट्रिगरवरचा हात सोडावा लागतो, नाहीतर डावा हात पलीकडे न्यावा लागतो. डावऱ्याचा उजवा हात मात्र पुढे, दांड्याच्या बाजूलाच असतो.

म्हणजे 'डावरा विरुद्ध उजवा' हा एक व्हेरिएबल नाही. पुंगळीची दिशा, प्रत्येक बटणाची जागा, हे सगळे वेगवेगळे मोजायचे व्हेरिएबल आहेत.

आणि डोळा?

हा मुद्दा मी स्वतः भोगलाय. कॉलेजात असताना एका कॅम्पमध्ये उस्तादांनी सगळ्यांना रायफल उजव्या खांद्यालाच लावायला सांगितली. माझ्या गोळ्या टार्गेटभर पसरल्या. 'हात कच्चा' असा शेरा मिळाला आणि मी तो वर्षानुवर्षं खरा मानला.

आता एक करून बघा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा आणि त्यातून लांबचा दिवा बघा. आता एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना दिवा फटीतच राहतो, तो तुमचा प्रबळ डोळा. माझा डावा निघाला. त्या दिवशी हात आणि डोळा, दोन्ही माझ्या विरुद्ध होते.

डावरे साधारण दहात एक. पण उजव्या हाताच्या लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांचा डावा डोळा प्रबळ असतो. डावऱ्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून थोडं जास्त आहे. मी तीसपैकी तीन डावरे वगळले असते, तरी उरलेल्या सत्तावीसमध्ये साधारण नऊ जण 'डाव्या डोळ्याचे' राहिले असते. सॅम्पल एकसारखं झालंच नसतं. फक्त तसं वाटलं असतं.

माणूस बदलायचा की यंत्र?

ब्रिटिश सैन्याच्या एसए-80 रायफलमध्ये खिडकी ट्रिगरच्या मागे, गालाजवळ आहे. डाव्या खांद्यावरून ती चालवताच येत नाही. म्हणून डावऱ्या सैनिकांनाही उजव्या खांद्यावरूनच शिकवतात. इथे माणूस बदलला.

अमेरिकेच्या एम-16ए2 मध्ये 1980च्या दशकात खिडकीच्या मागे धातूचा एक छोटा उंचवटा आला. पुंगळी त्यावर आपटून चेहऱ्यापासून दूर जाते. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑगमध्ये दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत. डावऱ्यासाठीचा बोल्ट घालून झाकण दुसऱ्या बाजूला लावलं की काम झालं. बेल्जियमच्या एफ-2000 मध्ये पुंगळी पुढे, नळीच्या बाजूने बाहेर पडते, त्यामुळे खांद्याचा प्रश्नच उरत नाही.

आपल्या कामात काय?

वगळणं कायम चूक नसतं. मेंदूत भाषेचं काम कोणत्या बाजूला चालतं यावर अभ्यास असेल, तर डावऱ्यांमध्ये वैविध्य जास्त असतं आणि छोट्या सॅम्पलमध्ये ही अट समजू शकते. पण कारण लिहा, आणि निष्कर्षही तेवढ्यापुरतेच ठेवा.

मी अट काढली. आता प्रत्येकाचा हात आणि डोळा दोन्ही नोंदवतो. सॅम्पल वाढवावं लागलं, पायलट पुन्हा करावा लागला, वेळ गेला. पण व्हायव्हामध्ये कोणी "का?" विचारलं, तर आता माझ्याकडे उत्तर आहे.

तुमच्या सिनॉप्सिसमधली वगळण्याची प्रत्येक अट आज पुन्हा वाचा. जिच्यापुढे कारण लिहिता येत नाही, ती तुमची नाही, कुठल्यातरी जुन्या पेपरमधून आलेली आहे.