पाण्यात निपचित, कोरड्यात तल्लख

बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीत औषधांची मूळ रसायने बनवणारे बरेच कारखाने आहेत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या प्रतिजैविकाच्या रेणूत फ्लोरिनचा एकच अणू असतो; तो नसेल तर औषधाची धार कमी होते.

कार्बनी कड्यावरचा क्लोरिन काढून तिथे फ्लोरिन बसवण्याच्या रूढ रीतीला ‘हॅलेक्स’ म्हणतात. त्यासाठी फ्लोरिन पुरवणारे पोटॅशियम फ्लोराइड पाण्यात भरपूर विरघळते, पण पाण्याचे रेणू फ्लोराइडला इतके घट्ट वेढतात की ते निपचित पडते. म्हणून डीएमएसओ किंवा सल्फोलेन हे द्रावक वापरतात. त्यांत हा क्षार जेमतेमच विरघळतो, त्यामुळे तापमान चांगलेच चढवावे लागते आणि ओलावा कटाक्षाने दूर ठेवावा लागतो. हवेतले पाणी ओढणारा हा क्षार पालघरच्या पावसाळ्यात उघडा ठेवून चालतच नाही.

चार्ल्स पेडरसन यांनी १९६७मध्ये मांडलेली क्राउन ईथर नावाची संयुगे पोटॅशियमला कवेत घेतात आणि फ्लोराइड मोकळे होते. सुंदर युक्ती, पण महागडी.

बॅटरीतही हाच पेच. फ्लोराइड आयनाच्या बॅटऱ्यांना पूर्वी घन विद्युतअपघटनी लागे, आणि तो तापवावा लागे. २०१८मध्ये होंडा, कॅलटेक आणि नासाच्या जेपीएलमधील संशोधकांनी कोरडे टेट्राअल्किलअमोनियम फ्लोराइड क्षार फ्लोरिनयुक्त ईथरमध्ये विरघळवले. घट साध्या खोलीच्या तापमानाला चार्ज झाला.