झेरॉक्सची झेरॉक्स

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पाय मोकळे करायला येणाऱ्यांच्या गावीही नसतं, की इथल्या वाळूखालून समुद्री केबल मुंबईत शिरतात. सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "परदेशचं सगळं सॅटेलाइटवरून येतं ना?" नाही येत. खंडाखंडांमधला जवळजवळ सगळा डेटा केसाएवढ्या काचतंतूंतून जातो. हे पटलं की लगेच दुसरा समज पुढे येतो: काच इतकी स्वच्छ, तर एका टोकाला सोडलेला प्रकाश दुसऱ्या टोकाला पोहोचणारच.

काच स्वच्छ आहे, हे खरंच. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल घट येते, म्हणजे किलोमीटरभर गेल्यावरही ९५ टक्के प्रकाश शिल्लक. पण हा हिशेब चक्रवाढीचा आहे, तोही उलट्या दिशेचा. १०० किलोमीटरला शंभरातला एक भाग उरतो. १००० किलोमीटरला? एक मिलिवॉटचा लेसर लावला, तर पलीकडे बसलेल्याला साधारण साडेतीन तासांत एक फोटॉन मिळेल. तेवढ्यात टी-ट्वेंटीचा अख्खा सामना आटोपतो.

म्हणून वाटेत प्रकाश वाढवावा लागतो. 'प्रकाशाची वीज करायची, वीज वाढवायची, पुन्हा प्रकाश करायचा' हे त्याचं प्रचलित उत्तर १९८८ सालच्या टीएटी-८ या अटलांटिकखालच्या पहिल्या प्रकाशतंतू केबलपुरतं बरोबर होतं. त्याच्या वर्षभर आधीच साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देसुर्व्हीर यांनी वेगळी वाट दाखवली होती. काचेत एर्बियम या दुर्मिळ मृदा धातूचा अंश मिसळायचा आणि ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा 'पंप' लेसर त्यात सोडायचा. एर्बियमचे आयन ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर जाऊन बसतात. १५५० च्या आसपासचा फोटॉन जवळून गेला की तो आयन खाली उतरतो आणि हुबेहूब तसाच जुळा फोटॉन सोडतो. विजेत रूपांतर नाही, आणि एकाच तंतूतल्या डझनावारी तरंगलांब्या एकदमच वाढतात. १९९६ पर्यंत टीएटी-१२/१३ ही केबल अशा ॲम्प्लिफायरवर चालू झाली होती.

आता सर्वांत चिवट गैरसमज: ॲम्प्लिफायर सिग्नल ताजातवाना करतो. करत नाही. प्रकाशाची वीज करून पुन्हा प्रकाश करणारा जुना रिपीटर मजकूर वाचून नव्याने टाइप करायचा. हा नुसती झेरॉक्स काढतो. वर बसलेले काही आयन कुणी न बोलावताच खाली येतात, आपला फोटॉन भलत्याच वेळी सोडतात आणि तो फोटॉनही सिग्नलबरोबर वाढत जातो. सिग्नल आणि खरखर यांचं गुणोत्तर आदर्श ॲम्प्लिफायरमध्येसुद्धा निम्म्यावर येतं. ही तीन डेसिबलची किंमत पुंजभौतिकीने लावली आहे, कारागिराच्या चुकीने नाही. त्यात झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, अशी रांग.

इथे एक आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. १००० किलोमीटरची वाट शंभर-शंभरच्या दहा टप्प्यांत तोडली, तर दर टप्प्याला शंभरपट वाढ हवी. खरखर टप्प्यांची संख्या गुणिले 'पट वजा एक' या प्रमाणात साचते: १० गुणिले ९९, म्हणजे ९९०. तीच वाट पन्नासच्या वीस टप्प्यांत तोडली, तर दर टप्प्याला दहापटच वाढ लागते: २० गुणिले ९, म्हणजे १८०. ॲम्प्लिफायर दुप्पट झाले आणि खरखर साडेपाचपट घटली! 'जितके ॲम्प्लिफायर कमी तितका सिग्नल शुद्ध' असं मानणाऱ्यांना हे पचत नाही. जमिनीवर तरीही ऐंशी किलोमीटरच्या आसपासचे टप्पे ठेवतात, कारण प्रत्येक ठिकाणी खोली, वीज, कुलूप आणि ते उघडायला माणूस लागतो.

टप्पे लहान करत गेलं तर शेवटी काय? तंतूच ॲम्प्लिफायर होतो. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात शोधलेला परिणाम इथे कामाला येतो: साध्या तंतूत १४५० नॅनोमीटरचा जोरदार पंप सोडला की त्याची ऊर्जा वाटेतच १५५० च्या सिग्नलला मिळते.

'एर्बियम जास्त घाला, तंतू लांब करा, पंप वाढवा' हा सल्लाही फसवा. एर्बियम दाट झालं की आयनांचे पुंजके होतात आणि एकमेकांतच ऊर्जा वाया घालवतात. त्यांना सुटं ठेवायला काचेत ॲल्युमिनियम मिसळतात. तंतू हवा त्याहून लांब झाला, तर शेवटच्या भागात पंप पोहोचत नाही आणि तिथलं एर्बियम सिग्नलच गिळतं. शिवाय सगळ्या तरंगलांब्या सारख्या वाढत नाहीत. दोन तरंगलांब्यांत दर ॲम्प्लिफायरला एक डेसिबलचा फरक पडला, तर शंभर ॲम्प्लिफायरनंतर शंभर डेसिबल. म्हणून डिझाइन करणारा मुद्दाम गाळणी बसवतो आणि कष्टाने वाढवलेला प्रकाश लाडक्या तरंगलांब्यांकडून काढून टाकतो. मला या सगळ्या खटाटोपात हीच युक्ती सर्वांत आवडते.

एर्बियम आळशी आहे, ही तक्रार मात्र खरी. आयन वर सुमारे दहा मिलिसेकंद टिकतो. अब्जावधी बिटांच्या जगात हे युग झालं. पण तोच त्याचा गुण. अर्धवाहक ॲम्प्लिफायर इतक्या चटकन प्रतिसाद देतो, की एका तरंगलांबीतले बिट दुसरीत उमटू लागतात. एर्बियमला एकेका बिटाची चाहूलच लागत नाही.

घरच्या फायबर कनेक्शनात मात्र असं काही सहसा नसतं. एक्स्चेंजपासून वीसेक किलोमीटरपर्यंत प्रकाश नुसता वाटला जातो.

खोल समुद्रात प्रश्न विजेचा. पंप लेसरला लागणारी वीज किनाऱ्यावरून केबलच्याच तांब्यातून जाते, दहा हजार व्होल्टच्या घरात. ती किती द्यायची याला मर्यादा. मग ती थोड्या तंतूंवर उधळावी का? क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सूत्राप्रमाणे ताकद दुप्पट केली तर क्षमता दुप्पट होत नाही, लॉगरिदमच्या चालीने जेमतेम वाढते. त्यात प्रकाश फार तीव्र झाला की काचेचा अपवर्तनांकच बदलतो आणि तरंगलांब्या एकमेकींत मिसळतात. तंतू दुप्पट केले तर क्षमता खरोखरच दुपटीच्या जवळ जाते. व्हर्जिनिया बीचहून फ्रान्सला जाणाऱ्या 'ड्युनां' केबलमध्ये याच हिशेबाने तंतूंच्या १२ जोड्या घातल्या, पंप लेसर त्यांच्यात वाटून घेतले, आणि एकूण क्षमता सेकंदाला २५० टेराबिटवर गेली.